पँटच्या मोहरीतलं गवत

मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले आणि म्हणाल्या, "याही मेल्या."

सहायकाने मान डोलावली. समुद्री गवत वाळवायचं, दळायचं, द्रावकात भिजवून त्याचा चिकट अर्क काढायचा, हे त्याचं काम. त्या अर्काने कर्करोगाच्या पेशी पटापट मरत. गवतातली फ्लेव्होनॉइड नावाची द्रव्यं भलती गुणी आहेत, असं वर्तमानपत्रातही आलं होतं, मॅडमच्या फोटोसकट. आज प्रथमच त्यांनी अर्क न घालता नुसतं द्रावक घालून पाहिलं. पेशी तितक्याच तत्परतेने मेल्या. ही तुलना खरं तर आधी करतात. पण फोटोच्या गडबडीत राहून गेली होती.

परतताना बसमध्ये जागा मिळूनही तो उभाच राहिला. घरी बायकोला तोच आजार होता आणि बातमीचं कात्रण फ्रिजवर चिकटवलेलं होतं.

चहाची पावडर शोधताना त्याच्या हाताला एक बरणी लागली. तळाशी हिरवट चुरा.

"हे काय?"

"तुमच्या पँटच्या मोहरीत अडकून येतं ते. महिनाभर उकळून पितेय," बायको म्हणाली. "तुम्ही काही आणून देणार नव्हतात."

तिला आता भूक लागत होती, जिना चढवत होता. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत ना, हे त्याने आधी विचारलं. आहेत, म्हणाली. मग स्वयंपाकघरात येरझारा घालत त्याने सगळं सांगून टाकलं. पेशी द्रावकाने मेल्या, गवताचं काहीच सिद्ध झालेलं नाही.

तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मॅडमचं चुकलं."

"हो."

"मी कुठे द्रावक घालते? मी साध्या पाण्यात उकळते."

यावर शास्त्रीय उत्तर होतं. ते त्याच्या ओठांपर्यंत आलं, तिथेच घुटमळलं आणि परत गेलं. तिने बरणीचं झाकण घट्ट लावलं आणि ती होती तिथेच ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरांना गाठून त्या काढ्याबद्दल विचारलं. अपाय नाही, उपायही नाही, असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

प्रयोगशाळेतून निघताना कपडे ब्रशने झटकायचे, असा मॅडमचा नियम. दाराशी ब्रश टांगलेला असे. संध्याकाळी त्याने तो हातात घेतला. मोहरीची दुमड उलगडून पाहिली, पुन्हा नीट दुमडली आणि ब्रश खिळ्याला अडकवून, पावलं न आपटता जिना उतरला.