टेबलाखाली ऐकलेली गोष्ट

मित्रांनो, मी एक बुटकं टेबल. जुनं म्हणालात तरी मला राग नाही. सुताराने मोडक्या बाकाच्या फळ्यांतून मला उभं केलं, म्हणजे मी जन्मापासूनच जुनं. मुलांच्या दवाखान्यात, समुपदेशक ताईंच्या खोलीत माझी नेमणूक झाली. मध्यंतरी तिथे चकचकीत प्लास्टिकचं टेबल आलं आणि माझी रवानगी बाहेरच्या व्हरांड्यात, फायली वाहायला झाली. पण त्या नव्याच्या खाली मुलांना शिरता येईना, तेव्हा मला मानाने परत बोलावलं.

माझ्याखाली खूप मुलं बसली. काही दोन महिन्यांत हसायला लागली, काहींना वर्ष लागलं, काही मध्येच यायची बंद झाली. त्यांची मला अजून काळजी वाटते.

एकदा आठ वर्षांची एक मुलगी आली. बडबडीला खंड नसे म्हणून घरचे तिला रेडिओ म्हणत. मोटारीच्या अपघातात तिचे बाबा गेले, ती वाचली आणि रेडिओ बंद पडला. पोरीला त्रास नको म्हणून आईने घरात बाबांचा विषयच बंद केला. फोटोसुद्धा कपाटात गेले. माऊली चुकली, पण मायेपोटी चुकली.

ताईंची पद्धत अशी, की त्या दिवसाची गोष्ट मुलीने दर आठवड्याला पहिल्यापासून सांगायची आणि झेपेल तिथे थांबायचं. घरातून निघालो, पेट्रोल भरलं, पूल आला. पुलाशी आली की ती माझ्याखाली शिरे. पाच आठवडे असेच गेले. सहाव्या आठवड्याला ताईही खाली शिरल्या आणि त्यांचं डोकं माझ्यावर सणकून आपटलं. मुलगी फिसकन हसली, आणि मग बोलली.

"मीच बाबाला हाक मारली. म्हटलं, हे बघ ना. म्हणून झालं सगळं."

तुझी चूक नाही, असं ताई लगेच म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग बाबाने मागे वळून बघितलं?"

मुलगी बराच वेळ आठवत राहिली. "नाही. तो समोरच बघत होता. म्हणाला, घरी गेल्यावर बघतो. मग समोरचा ट्रक आमच्या बाजूला घुसला."

बोलता बोलता तिचं तिलाच कळलं. ती ढसाढसा रडली.

पुढच्या आठवड्यात आईला आत बोलावलं. मुलीने पूल ओलांडून सगळी गोष्ट सांगितली. आईने डोळे पुसले आणि विचारलं, "त्याला काय दाखवत होतीस गं?"

"हलणारा दात."

मला दाखव, आई म्हणाली. मुलीने आ केला. तिथे नवा दात कधीच आला होता आणि आईला पत्ताच नव्हता.

मित्रांनो, मला पॉलिश नको, नवे पायही नकोत. तुमच्यातलं कुणी गप्प झालं, तर त्याच्याजवळ बसा आणि विचारा.