मणक्यातून सरकणाऱ्या पेशी

"ताई, सुईला दोन नेढी दिसतायत. दोन्हीत ओवू का दोरा?" धाकटा भाऊ हसत म्हणाला.

तो शिंपी. रक्ताचा कॅन्सर उपचारांनी आटोक्यात आला होता, डोक्यावर केस आले होते, दुकान नुकतंच पुन्हा उघडलं होतं. ताईने मात्र त्याच्या हातातली सुई काढून घेतली. याच आजाराच्या पेशी शरीरात कशा फिरतात, हे ती प्रयोगशाळेत उंदरांवर अभ्यासत होती.

"डोकं दुखतं?"

"थोडं. चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"चष्मा नव्हे. उठ, दवाखान्यात चल."

"तुला ना, जिकडेतिकडे त्या पेशीच दिसतात!" तो उखडला. बायकोने दुकानाचं शटर ओढलं, तेव्हा कुठे तो निघाला.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं ते पाणी पाठीतून सुईने काढून तपासलं. त्यात कॅन्सरच्या पेशी होत्याच. शिरेतून दिलेलं औषध मेंदूपर्यंत पुरेसं पोचत नाही, आता ते थेट पाठीतून द्यावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

"मला बघायच्यात त्या," भाऊ म्हणाला.

ताईने खूप टाळलं, शेवटी त्याला प्रयोगशाळेत नेलं. पडद्यावर उंदराच्या मणक्यातली बारीक रक्तवाहिनी होती. तिच्या आतून नव्हे, बाहेरून चिकटून हिरवे ठिपके, म्हणजे रंगाने चमकवलेल्या त्या पेशी, मेंदूभोवतालच्या पाण्याकडे सरपटत होते. एक डोळा हाताने झाकून तो बघत राहिला.

"कुठं जायचं असतं यांना?"

"कुठंच नाही रे. धरायला काही मिळालं की सरकतात."

"हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा फोनवर किती नाचत होतीस तू."

"हो," ताई म्हणाली. त्यानेच तिच्या पाठीवर हात ठेवला. "बंद कर आता. गरगरतंय मला."

पाठीतली इंजेक्शनं सुरू झाली. प्रत्येक वेळी तो गुडघे पोटाशी घेऊन पडायचा आणि ताईचा हात घट्ट आवळायचा. हळूहळू नजर सुधारली. पाण्यात आता पेशी सापडत नाहीत. पण 'बरा झाला' असं काही डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत.

मशीन चालवता चालवता तो कधी कपाळ चोळतो. बायको हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघत राहते.

"काही नाही गं," तो म्हणतो. "घाम पुसतोय."