आलं म्हटलं नाही

मुंबईहून गोव्याकडं शर्यतीला निघून आमचा दुसरा दिवस होता. पंचवीस फुटांची शिडाची बोट आणि माणसं तीन. कॅप्टन अनुपमा मॅडम, वरवंडचा माऊली आणि मी, कवठे येमाईचा सुदर्शन. आम्ही दोघं एकाच युनिटातले जवान, बोट चालवायला तिथल्याच तळ्यावर शिकलेलो. झोपायची फळी एकच. माऊली उठला की मी आडवा व्हायचो आणि त्याच्या अंगाची ऊब माझ्या पाठीला चिकटायची. तीसुद्धा बोचायची.

कारण सुकाणू त्याच्या हातात होतं. शर्यत संपली की दोघांतला एकच मोठ्या बोटीवर जाणार होता, लांबच्या शर्यतीला. कुणी जायचं ते मॅडम ठरवणार. त्याला त्या "माऊली, जरा बघ रे" म्हणायच्या आणि मला नुसतं "सुदर्शन, दोर आवळ". त्या 'जरा'ला आणि त्या 'रे'ला मी दोन दिवस चघळत होतो.

माझी जागा पुढं, बोटीच्या नाकाशी. वारा येतो तो आधी पाण्याला सांगून येतो, लांबवर काळसर पट्टा उठतो. उसाला पाणी देताना सरीच्या टोकाला उभा असलेला माणूस "आलं" म्हणून हाळी देतो, मग पाटावरचा माणूस मातीचं दारं मोडून पाणी पुढच्या सरीत घेतो. तसंच आम्ही इथं ठरवलेलं. मी "आलं" म्हणायचं, माऊलीनं बोट वळवायची. युक्ती माझी. पण मॅडमनी ती ऐकली माऊलीच्या तोंडून, आणि हसल्या त्याच्याकडं बघून.

दुपारी मॅडम नकाशा बघायला खाली गेल्या. वारा पडला होता, शीड वाळत घातलेल्या लुगड्यासारखं लोंबत होतं. मागं निळ्या शिडाची एक बोट, तीही तशीच अडकलेली. आणि मला उजवीकडं, खोल समुद्राच्या अंगाला, काळा पट्टा दिसला.

"सुदा, दिसतंय का काय?" माऊलीनं विचारलं.

"न्हाई."

"नीट बघ की लेका."

"सुकाणू तुझ्याकडं हाय ना? मग तूच बघ."

"सासुरवाडीला मान न मिळाल्यावानी बोलतोय गडी," तो हसत म्हणाला.

मी "आलं" म्हटलं नाही. पट्टा रुंद होत आला. निळ्या शिडाची बोट तिकडं वळली, तिच्या शिडाचं पोट भरलं आणि ती आमच्या शेजारून निघून गेली, इतक्या जवळून की त्यांच्यातला एकजण चहा पिताना दिसला.

मॅडम वर आल्या. "ही कधी गेली पुढं? सुदर्शन, तुला वारा दिसला नाही?"

मी तोंड उघडायच्या आत माऊली म्हणाला, "त्यानं हाळी दिली व्हती, मॅडम. मीच वळवायला उशीर केला."

डब्यातली अर्धी भाकरी मोडून द्यावी तसं म्हणाला. मला वाटलं, आता त्याला बोलणी बसतील. पण मॅडमची नजर उलट मऊ झाली. म्हणजे चुकला तरी हाच चांगला. बाकी सगळं त्यानं घेतलं होतं, हे मोठेपण तरी मी त्याला घेऊ देणार नव्हतो.

"मी हाळी दिली नाही, मॅडम," मी म्हणालो. "दिसलं होतं. मुद्दाम गप्प बसलो."



"पुढून ऊठ," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पुढं मी बसते. मोठ्या बोटीवर माऊली जाईल."

मी मागं येऊन दोर धरला. एवढ्याशा बोटीत रुसून बसायलाही जागा नसते, खांद्याला खांदा लागतोच.

"सांगितलंस कशाला?" माऊली हळूच म्हणाला. "मी सांभाळलं व्हतं की."

"म्हणूनच."

"म्हंजी?"

त्याला खरंच कळलं नव्हतं. मी दोर आवळला. ते न कळण्याचाही मला हेवा वाटला.