मॅच संपेपर्यंत

फोन आला तेव्हा बिलकीस फजरची नमाज पढून जानमाजची घडी घालत होती. दाभोळहून तिचा थोरला भाऊ हुसैनमियाँ बोलत होता. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "आई गेली गो," एवढंच तो म्हणाला.

आई, खुदेजाबी, रात्री बरी होती. जेवली, गोळ्या घेतल्या, पहाटे उठलीच नाही. शुक्रवार, जुम्याचा दिवस मिळाला, असं बघायला आलेला जो तो म्हणत होता. जुम्याची नमाज झाली की माती द्यायची असं ठरलं होतं. मस्कतहून मुंबई आणि तिथून पुढे दाभोळपर्यंतचा दिवसभराचा रस्ता, बिलकीस पोचणं शक्यच नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी हुसैनमियाँने विचारलं, थांबू का म्हणून. ती म्हणाली, नका थांबू. मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली: नुमानला फोन करू नका, मी सांगेन.

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि चहाचं आधण ठेवलं. रडू येईल म्हणून तिने थोडा वेळ वाट बघितली. आलं नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात आणि गाल आपला असून आपला राहत नाही, तसं काहीतरी तिला सगळ्या अंगभर वाटत होतं. तिचा नवरा शाहबाज उठून आला. तिने त्याला सांगितलं. तो खाली बसला, तोंडातल्या तोंडात दुआ म्हटली, मग तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात आहे हे तिला कळत होतं.

"तिकिटं बघतो," तो म्हणाला. "उद्याची मिळतील."

"बघा. पण आज संध्याकाळी मॅचला जायचंय."

शाहबाज तिच्याकडे बघत राहिला.

नुमान त्यांचा थोरला मुलगा. अल मवालेहच्या भाजी मार्केटच्या पुढे एक खाजगी इंजिनीयरिंग कॉलेज होतं, तिथे दुसऱ्या वर्षाला होता. गुडघा दुखावल्यामुळे अख्खं वर्ष त्याने फुटबॉलच्या टीमबाहेर काढलं होतं. आता मार्च लागला होता. उन्हाळा अंगावर यायच्या आत कॉलेज दरवर्षी एक सराव मॅच ठेवायचं. आपल्याच पोरांच्या दोन टीमा करायच्या, घरच्यांना बोलवायचं, खाण्यापिण्याचे स्टॉल लावायचे, आणि त्या मॅचवरून कोचने वर्षाची टीम निवडायची. नुमान गुरुवारीच कॉलेजजवळच्या मित्राकडे राहायला गेला होता. कोच शिस्तीचा माणूस होता, ट्युनिशियाचा. सकाळी पोरं जमली की सगळ्यांचे फोन स्वतःच्या पिशवीत टाकायचा आणि मॅच संपल्यावरच परत द्यायचा.

शाहबाजला वाटलं, पोराचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून ही मन घट्ट करतेय. तो तिकिटं शोधायला लागला. अल हैलच्या मशिदीत जुम्याला गेला तेव्हाही कुणाला कळू दिलं नाही, कारण बिलकीसने तशी विनवणी केली होती. पण दाभोळची निम्मी माणसं मस्कतमध्ये. दुपारपर्यंत बातमी फोनाफोनी करत सगळीकडे गेली. बिलकीसचा मोबाइल टेबलावर थरथरत सरकायला लागला तशी तिने तो उशीखाली ठेवला. दुपारी बाराच्या सुमाराला, तिकडे दीड वाजला, आता जनाजा उचलला असेल, हे तिच्या लक्षात आलं. तेव्हा ती नूरैनच्या अबायाला इस्त्री करत होती. तिने इस्त्री पुरी केली.

नूरैन, त्यांची धाकटी मुलगी, तेरा वर्षांची. तिलाही सांगितलं नव्हतं.

कुणी भेटायला येऊन दारावरची घंटा वाजवायच्या आत बिलकीसने उशीखालचा मोबाइल पर्समध्ये टाकला आणि ते घराबाहेर पडले. गाडीत नूरैन इंग्रजीत काहीबाही बोलत होती, कुठल्या मैत्रिणीचा भाऊ समोरच्या टीममध्ये आहे वगैरे. शाहबाज हूं हूं करत होता.

नुमानचं आणि खुदेजाबीचं नातं नेहमीच्या नानी-नातवाचं नव्हतं. तो तीन महिन्यांचा असताना बिलकीसला मस्कतला यावं लागलं होतं. शाहबाजच्या नोकरीवर तेव्हा कुटुंबाचा व्हिसा मिळत नव्हता, तिला स्वतःला एका घरात मुलं सांभाळायचं काम मिळालं, आणि ते सोडता येण्यासारखं नव्हतं. दोघांचं बस्तान बसेपर्यंत पाच वर्षं गेली. ती पाच वर्षं नुमान दाभोळला नानीच्या पदराला धरून वाढला. इथे आला तेव्हा बिलकीसला तो इतरांसारखा नावानेच हाक मारायचा. पुढे सगळं सुरळीत झालं, पण आठवड्यातून दोनदा नानीला फोन केल्याशिवाय त्याचं पान हलत नसे. नूरैनचं मराठी अडखळत चालायचं. नुमान बोलायला लागला की मात्र दाभोळच्या बंदरावरचा एखादा म्हातारा बोलतोय असं वाटायचं.

मैदानावर हिरवं नकली गवत होतं. एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या, त्यावर माणसं सतरंज्या टाकून बसलेली. कुणीतरी कोळशावर मांस भाजत होतं, त्याचा धूर पायऱ्यांवर येत होता. शाहबाजने करक, म्हणजे इकडच्या कडक दुधाळ चहाचे कागदी पेले आणले. पोरं अंग सैल करायला धावत होती. एका टीमच्या अंगात पांढऱ्या बंड्या, दुसरीच्या हिरव्या. नुमान पांढऱ्यात होता आणि बाकावर बसला होता. त्याने आईबापाला बघून हात वर केला. बिलकीसनेही केला.

शेजारी एक ओमानी बाई येऊन बसली. उम्म सालिम, म्हणजे सालिमची आई, असं तिने नाव सांगितलं. सालिम हिरव्या टीमचा गोलकीपर. तिने थर्मासमधून बिनदुधाच्या कॉफीचा काहवा ओतला, खजुराचा डबा पुढे केला आणि इकडच्या रीतीप्रमाणे खुशाली विचारायला सुरुवात केली. कशी आहेस, घरचे कसे आहेत, मुलं कशी आहेत, आईवडील कसे आहेत. बिलकीसला एवढ्या वर्षांत कामापुरतं अरबी येत होतं. प्रत्येक प्रश्नाला ती अल्हम्दुलिल्ला म्हणत गेली. शेवटी बाईने विचारलं, "शै उलूम?" म्हणजे काही बातमी? याचं उत्तरही ठरलेलं असतं. घरात काहीही झालेलं असो, आधी नाही म्हणायचं.

"मा शै," बिलकीस म्हणाली. काही नाही.

बाई समाधानाने हसली. बिलकीसने खजूर तोंडात टाकला आणि तो कधी गिळला हे तिला कळलं नाही.

मॅच सुरू झाली. पांढरी टीम नवख्यांची, त्यांची लगेच दमछाक झाली. हिरव्यांनी एक गोल केला, मग थोड्या वेळाने दुसरा. उम्म सालिमला तिच्या पोराकडे बॉलच येत नाही याचं वाईट वाटत होतं. मध्यांतरानंतर कोचने नुमानला आत पाठवलं. डाव्या बाजूला बचावाला. पहिल्याच झटापटीत तो दुखऱ्या गुडघ्यावर पडला. शाहबाज उभा राहिला. नुमान उठला, पाय झटकला, धावायला लागला. आपणही उभं राहायला हवं होतं, हे बिलकीसच्या ध्यानात आलं, तोवर शाहबाज खाली बसला होता.

नूरैनला भावाचा व्हिडिओ काढायचा होता. स्वतःच्या फोनची बॅटरी उतरली म्हणून तिने आईच्या पर्समधून तिचा घेतला. बिलकीस मैदानाकडे बघत होती. तिचं लक्ष गेलं नाही. नूरैनने फोन समोर धरला, नुमान बॉल घेऊन धावतोय तसा फोन फिरवत राहिली, आणि मध्येच तिचा हात थांबला. फोनच्या वरच्या कडेला एकामागून एक ओळी उतरत होत्या. इन्ना लिल्लाहि. अल्लाह मरहूमाला जन्नत देवो. खुदेजाचाची.

"अम्मी," ती हळूच म्हणाली. "नानी?"

बिलकीसने होय म्हणून मान डोलावली.

"भाईला माहीत आहे?"

"नाही. मॅच संपू दे."

नूरैनने अब्बूकडे बघितलं. त्याने नजर खाली घातली. मग त्या पोरीने फोन पुन्हा समोर धरला आणि चित्रण चालू ठेवलं. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. उम्म सालिमला वाटलं, भाऊ पडला म्हणून घाबरली असेल. तिने नूरैनच्या डोक्यावरून हात फिरवला.

शेवटच्या काही मिनिटांत नुमानने डाव्या कडेने बॉल नेला आणि उचलून असा टाकला, की मधल्या पोराला नुसतं डोकं लावायचं काम उरलं. सालिमच्या हाताला लागून बॉल आत गेला. पांढऱ्यांचा तेवढाच एक गोल. पोरांनी नुमानच्या अंगावर उड्या मारल्या. त्यांच्या ढिगातून बाहेर येऊन त्याने पायऱ्यांकडे बघितलं. बिलकीसने टाळ्या वाजवल्या. तळहातावर तळहात आपटत होता, आवाजही येत होता.

मॅच संपल्यावर गाडीपाशी तो धावत आला, घामाने निथळलेला, हातात बूट. कोचने पाठीवर थाप मारली म्हणून सांगत होता. फोन अजून परत मिळाला नव्हता, मिळाला की पहिला नानीला लावणार, कालच तिने विचारलं होतं की पडल्यावर लागत नाही का रे. मग त्याने नूरैनचे डोळे बघितले.

बिलकीसने सांगितलं. सरळ, आडवळण न घेता. सकाळी गेली. झोपेत. जुम्यानंतर माती झाली.

तो गाडीला टेकून खाली बसला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "सकाळी? म्हणजे तुम्ही सगळे इथे बसला होतात, ते माहीत असून?"

"नूरैनला आत्ताच कळलं," शाहबाज म्हणाला. "तुझ्या अम्मीला वाटलं, तुझी मॅच..."

"मॅचसाठी नाही," बिलकीस म्हणाली.

दोघंही तिच्याकडे बघायला लागले. हे बोलायचं तिने ठरवलं नव्हतं.

"मॅचसाठी नाही लपवलं. सकाळी तुला सांगितलं असतं तर तू माझ्याकडे आला असतास रडत. तुला जवळ घ्यायला माझ्यात काही नव्हतं. अजूनही नाही. मला रडूच येत नाही, नुमान."

बाजूने गाड्या निघत होत्या, कुणीतरी हॉर्न वाजवून नुमानला हात करत होतं. तो गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला, आधी आवाज न करता, मग मोठ्याने. शाहबाज त्याच्याजवळ बसला. बिलकीस उभीच होती. उम्म सालिम पोराबरोबर तिकडून जात होती. तिने हे बघितलं, थांबली, काय झालं ते तिला न सांगता उमगलं असावं. ती आली आणि बिलकीसचा हात धरून उभी राहिली. बराच वेळ.

घरी पोचले तेव्हा जिन्यात चपलांचा ढीग पडला होता. शेजारच्या हवाबीने स्वतःचं घर उघडून आलेल्या बायकांना बसवलं होतं. मग्रीबच्या नमाजनंतर कुराणातलं यासीन पढलं गेलं. नुमान आतल्या खोलीत होता. आईशी एक अक्षर बोलला नाही.

दुसऱ्या दिवशीच्या विमानात नुमानची आणि बिलकीसची, अशी दोघांचीच तिकिटं काढली. शाहबाजला त्याच्या अर्बाबकडून, म्हणजे मालकाकडून, रजा मिळण्यासारखी नव्हती, आणि नूरैनची परीक्षा होती. विमानात नुमान खिडकीकडे तोंड करून बसला. मुंबईहून गाडीने निघाले. माणगावला चहासाठी थांबले तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

"मला सांगायला हवं होतंस."

"हो," ती म्हणाली.

तो उठला आणि तिच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन आला.

दाभोळला तो हुसैनमियाँबरोबर कबरस्तानात गेला. बायकांनी जायची रीत नव्हती. बिलकीस आईच्या चुलीपाशी बसून राहिली. भावजय कलमा पढत होती, येणाऱ्या-जाणाऱ्या बायका गळ्यात पडत होत्या, आणि ती त्यांच्या पाठी थोपटत होती. डबे होते तिथेच होते. कोकमाची बरणी, सुक्या जवळ्याची पिशवी. ती एकेक वस्तू बघत होती आणि वाट बघत होती. काही झालं नाही.

चार दिवसांनी कॉलेजातून टीमची यादी लागली. नुमानचं नाव होतं. त्याने ते मामाला सांगितलं, मामाने बिलकीसला.

त्या दुपारी घर रिकामं होतं. नुमान बंदरावरून आला, आत येऊन पाटावर बसला आणि चहा आहे का म्हणाला. तिने दूध चुलीवर ठेवलं. मग त्याच्याकडे पाठ असतानाच विचारलं, "ती कशी होती रे?"

"कोण?"

"आई. तू लहान होतास तेव्हा. मी नव्हते ना इथे. मला काही माहीत नाही."

त्याने पाट तिच्याजवळ सरकवला. मग सांगायला लागला. नानीची दुपारची झोप आटोपली की ती त्याला घेऊन बंदरावर जायची. पलीकडच्या धोपाव्याला जाणाऱ्या तरीत, म्हणजे होडीत, दोघं चढायची. खाडी ओलांडून पलीकडे गेलं की सगळे उतरायचे, ही दोघं उतरायचीच नाहीत. तशीच परत यायची. कधी कधी पुन्हा जायची. बोट चालवणारा तांडेल ओळखीचा होता, काही म्हणायचा नाही. नानी पुढच्या टोकाला बसायची आणि पाय खाली सोडून पाण्यात बुडवायची.

बिलकीस वळली. "ती तर पाण्याला घाबरायची. आम्हाला कधी खाडीपाशी जाऊ दिलं नाही."

"नाही घाबरायची," नुमान म्हणाला. "बोटीची कड पण सोडायची हातातून. हसायची."

दूध वर येत होतं. तिने फडक्याने भांडं खाली उतरवलं, चुलीपाशीच खाली बसली आणि त्याला म्हणाली, "आणखी सांग."