वाळूतलं घर

मी पेटी बोलतेय. दागिन्यांची नव्हे हो, वाळूची. सापगावच्या सुताराने मला बनवलं आणि आतून निळा रंग देताना "काय एकेक थेरं" म्हणत कपाळाला हात लावला. वाळू सरकवली की खाली पाणी दिसावं म्हणून तो निळा. बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

शेणवे गावातल्या एका खोलीत मी असते. तोंडाने सांगता येत नाही ते मुलं माझ्यात मांडतात. समोर कुणाली बसते. ही गोष्ट घडली तेव्हा खेळातून मुलांवर उपचार करायचं तिचं शिक्षण संपत आलं होतं. कल्याणच्या संघरत्ना मॅडम तिच्या कामावर देखरेख ठेवायच्या.

दर मंगळवारी बुधाजी आपल्या नातीला, सात वर्षांच्या सुंदराला, घेऊन यायचे. साप चावून तिची आई गेली, तेव्हापासून पोरीने तोंड उघडलं नव्हतं. चौथ्या मंगळवारी तिने माझ्यात घर मांडलं. चूल, कोंबडी, दारात मातीची बाई. सुंदरा चपला घालायला वळली आणि कुणालीने हात फिरवून वाळू सपाट केली. पसारा ठेवायचा नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. मूल गेल्याशिवाय त्याच्या मांडणीला हात लावायचा नाही, हे मात्र पहिल्याच धड्यात शिकवलेलं! सुंदराने मागे वळून पाहिलं. मला फार वाईट वाटलं.

पुढचे दोन मंगळवार ती आली नाही.

पाहणारं तिसरं कुणी नव्हतं. कुणाली गप्प बसली असती, तर महिन्याभरात प्रमाणपत्र हातात होतं. तिने आपणहून मॅडमना सांगितलं. त्यांनी देखरेख सहा महिने वाढवली आणि विचारलं, "मला सांगितलंस. तिला सांगितलंस का?"

मग कुणाली सुंदराच्या घरी गेली. तिथलं मला तिच्याच तोंडून कळलं. अंगणात सुंदरासमोर बसून ती म्हणाली, "तुझं घर मी मोडलं. चुकलं माझं." बुधाजी म्हणाले, "पोर तयार झाली तं आनीन. जबरदस्ती नाय करनार."

मंगळवारी ती आली. तेच घर, तीच कोंबडी, तीच बाई. दारातून वळून पाहिलं. कुणालीचे हात मांडीवर. बाहेर गेली, पुन्हा आत डोकावली. हात तिथेच. मग बाहेरून आवाज आला, "आजा, आपलं घर हाय अजून."

कुणाली रडली. बाहेर बुधाजींचंही तेच झालं असावं, कारण बराच वेळ निघाल्याची पावलं वाजली नाहीत.

आता माझे कोपरे झिजलेत, निळ्याचे पोपडे निघतात. नव्या मुली शिकायला येतात. बायांनो, पसारा दिसला तरी हात आवरा. मूल वळणाआड जाऊ द्या. तोवर माझ्यात कुणाची तरी आई दारात उभी असते.