संपर्कासाठी माझा नंबर

“अल्बमवर घरचा नंबर देऊ नकोस. उद्या कोण कुठून फोन करेल, सांगता येतं का?” सासूबाई म्हणाल्या होत्या. मी बाळाचे कपडे बदलत होते. म्हटलं, “आई, रॅप ऐकणारी पोरं फोन कशाला करतील?”

अकरा जणांची अकरा गाणी, अल्बमचं नाव ‘रांग’. पालिकेनं पाणी तोडून रिकाम्या करवलेल्या गल्ल्यांवर. तिसरं गाणं माझ्या धाकट्या भावाचं. बाळ झोपलेलं असताना त्यानं ते आमच्या कपाटात डोकं खुपसून रेकॉर्ड केलं, म्हणून आवाज दबका आहे. लोकांना वाटतं, मुद्दाम केलंय. त्याचा स्वतःचा फोन नंबर दोन महिने टिकत नाही, म्हणून संपर्काला माझा.

मंगळवारी त्या गाण्यावरून त्याला पोलीस ठाण्यात बोलावलं. “दोन प्रश्न विचारायचेत,” एवढंच. सकाळी दहाला गेला. बारा वाजले, त्याचा फोन बंद.

माझा फोन मात्र वाजत होता. दर वेळी वाटे, आता काय ऐकावं लागणार.

“‘रांग’वाले ना? मी बस चालवतो, ताई. तिसरं गाणं लावलं की मागची भांडणं थांबतात. आपल्याच घरातलं कुणी बोलतंय, असं वाटतं.”

एक नर्स म्हणाली, “गाण्यात नगरसेवकाचं नाव असं थेट घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग आईला ऐकवलं. ती म्हणाली, पोरगं उद्धट आहे, परत लाव.”

मी सगळ्यांना एकच सांगत होते, भाऊ चौकशीला गेलाय, लाइन मोकळी ठेवा. बसवाल्यानं तेवढं विचारलं, “कुठल्या ठाण्यात?”

अर्ध्या तासानं एका बाईंचा फोन. “बसवाल्या भाऊंनी नंबर दिला. ठाण्यासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज द्यायच्या निमित्तानं आत डोकावून आले. तुमचा भाऊ बाकावर बसलाय. कुणी हात लावलेला नाही. बोटांनी बाक बडवतोय, हवालदार वैतागलाय.”

सासूबाईंनी बाळाला माझ्या हातातून घेतलं. “बडवतोय ना? मग ठीक आहे तो.”

साडेतीनला पुन्हा त्याच बाई. “सोडला. पायऱ्या उतरतोय. रिक्षात बसवून देते.”

घरी आल्यावर तो दोन ताटं जेवला आणि बाळाच्या शेजारी आडवा झाला. डोळे मिटता मिटता म्हणाला, “ताई, नववीलाही उद्या बोलावलंय. ती सकाळीही फोन उचलत नव्हती, आत्ताही नाही.”

नववी म्हणजे नववं गाणं म्हणणारी मुलगी. खोली घेऊन एकटी राहते. कुठे, ते आमच्यापैकी कुणालाच नीट ठाऊक नाही. तुमच्या इमारतीत कानाला हेडफोन लावून, ओठांत काहीतरी पुटपुटत जिना चढणारी अशी कुणी राहत असेल, तर आत्ताच जाऊन दार वाजवा. जेवलीस का, एवढं विचारा. आणि उद्या सोबत कोण येतंय, तेही.