मांडीला सोसेल असा प्रोसेसर

दगडाबाईंना ऐकू येत नाही, पण ओठ वाचता येतात. मांडवगण फराट्यात कोण कुणाबद्दल काय बोललं हे त्यांना रस्त्याच्या पलीकडून कळतं, त्यामुळे गाव त्यांना वचकून असतं. अडचण एकच होती. लेक तेजश्री नोकरीला जर्मनीत गेली आणि जुन्या लॅपटॉपवर तिचे ओठ अडकू लागले. तोंड उघडलं की उघडंच राहायचं, मग एकदम चार वाक्यं पुढं गेलेलं दिसायचं. मोबाइलवर चित्र सुरळीत यायचं, पण त्यात ओठ तिळाएवढे.

मग दुभाष्याचं काम नवऱ्याकडे, हौसरावांकडे आलं. तेजश्री तिकडून भरभरून बोलायची आणि हौसराव बायकोकडे तोंड करून सांगायचे, "बरी हाय म्हणती."

"एवढंच?"

"थंडी हाय म्हणती."

हळूहळू दगडाबाईंनी विचारणं सोडलं. लेकीचा फोन आला की त्या मेथी निवडायला बसू लागल्या. हे मात्र हौसरावांना बघवेना.

नवा लॅपटॉप घ्यायला दगडाबाई तयार नव्हत्या. हा तेजश्रीचा कॉलेजातला. जाताना ती कॉल घ्यायच्या बटणावर स्वतःची टिकली चिकटवून गेली होती. शिवाय हौसरावांचा सिद्धांत होता की इंजिन गेलं म्हणून कुणी ट्रॅक्टर टाकत नाही. ते पुण्याला गेले, दुकानात सगळ्यात ताकदीचा प्रोसेसर मागितला आणि तो टॉवेलात गुंडाळून, लॅपटॉपसकट, दौंडला सुमैयाच्या दुकानात घेऊन आले. सुमैया लॅपटॉप दुरुस्त करते. तिचे वडील लालमहंमद हौसरावांचे जुने मित्र.

तिनं लॅपटॉप उघडला, मग टॉवेल उघडला.

"मामा, हा टेबलावरच्या कॉम्प्युटरचा हाय. स्कूटीत ट्रकचं इंजिन घालायला निघालाय तुम्ही."

हौसरावांनी प्रोसेसर नाकाला लागेल इतका डोळ्याजवळ नेला. "कडंनी जरा घासला तर बसंल की."

सुमैयानं त्यांच्याकडे पाहिलं. ते गंमत करत नव्हते.

"आता येणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपात प्रोसेसर बोर्डाला डाक देऊन पक्का केलेलाच असतो. तुमचा जुना हाय म्हणून निघतोय, हे नशीब समजा. पण नुसती खाच जुळून भागत न्हाई. बोर्डानं त्याला ओळखलं पायजे, आन् पंख्याला त्याची गरमी झेपली पायजे."

"म्हंजी सोयरीकच की."

"त्याच्यापेक्षा अवघड. इथं मध्यस्थाला खोटं बोलता येत न्हाई."

या बोर्डाला चालतील असे दोन जुने प्रोसेसर तिच्याकडे होते. एक जोरदार, पण तापणारा. पंखा सारखा भणभणणार. दुसरा त्याहून मवाळ, तरी आत्ताच्यापेक्षा कितीतरी चपळ.

"जोरदारच बसव. पंखा वाजला तर वाजू दे, तिला कुठं ऐकू येतंय?"

"ठेवता कुठं लॅपटॉप?"

"टेबल हाय की. पण ती मांडीवरच घेती. लेक हाय म्हणती."

हौसराव जोरदार प्रोसेसरकडे बराच वेळ बघत राहिले. आयुष्यात त्यांनी कमी ताकदीची एकही वस्तू स्वखुशीनं घेतली नव्हती. घरचा मिक्सरसुद्धा हॉटेलवाल्याचा होता.

"चटका बसंल का गं?"

"चटका न्हाई. पण मांडी शेकंल."

"मग मवाळच बसव," ते म्हणाले, आणि हे कुणी ऐकलं का म्हणून दाराकडे बघितलं.

संध्याकाळी दगडाबाईंनी लॅपटॉप मांडीवर घेऊन टिकली दाबली. तेजश्री बोलली, आणि पहिल्यांदाच तिचे ओठ न अडखळता हलत राहिले. दगडाबाईंनी स्क्रीनवर हात ठेवला, मग ओठ झाकले जातात म्हणून लगेच काढला. आई थेट आपले ओठ वाचतेय हे तेजश्रीच्याही लक्षात आलं. तिनं आवाज सोडून दिला आणि नुसतेच ओठ हलवू लागली.

घरात आवाज होता तो पंख्याचा, तोही बेताचा. दुभाष्याला काम उरलं नव्हतं. त्यांनी मेथीची जुडी पुढ्यात ओढली.

"काय म्हणती?" त्यांनी बायकोचा खांदा हलवून विचारलं.

"बरी हाय म्हणती," दगडाबाई नजर न हलवता म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी मान वळवली. "आन् मोतीबिंदूचं आप्रेशन कवा करताय, असं गणपतीपास्नं इचारती म्हणं."

हौसराव मेथीत तोंड घालून काहीतरी पुटपुटले. मांडीवरचा लॅपटॉप एका हातानं धरून दगडाबाईंनी दुसरा हात लांब केला आणि त्यांची हनुवटी आपल्याकडे वळवली.

"आता बोला," त्या म्हणाल्या.